मेज, दाखला आणि माती

महिन्याचा पहिला रविवार होता. आमच्याकडे पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. डीकन, म्हणजे चर्चमधले सेवक, भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून येतात, आपण एक तुकडा घेतो आणि ताट शेजारच्याकडे देतो. त्या दिवशी ताट माझ्याकडे आलं, मी तुकडा उचलला आणि पत्नीपुढे ताट करणार तेवढ्यात डीकनांनी वाकून ते माझ्या हातातून घेतलं आणि मागच्या बाकाकडे नेलं. हे गृहस्थ मला लहानपणापासून ओळखतात. संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा त्यांनीच माझ्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. ताट घेताना त्यांचा हात थरथरत होता, तो मी पाहिला. पत्नीने मान खाली घातली. माझा तुकडा माझ्या मुठीत तसाच राहिला, उपासना संपेपर्यंत.

चार महिन्यांनी आम्ही ती मंडळी, म्हणजे ते चर्च, सोडली. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्याच मंडळीत झाला. आजोबा गिरणीतली पाळी संपवून घरी न जाता थेट गायनाच्या सरावाला जायचे. वडील पंधरा वर्षं कमिटीवर होते आणि त्यांची कबर मंडळीच्याच दफनभूमीत आहे. गिरणीचा भोंगा आणि चर्चची घंटा या दोन आवाजांवर ज्यांचं घर चाललं, अशी सोलापुरात बरीच ख्रिस्ती कुटुंबं आहेत. त्यातल्या एखाद्या कुटुंबाने मंडळी सोडली की रेल्वे लाइन्सपासून जुळे सोलापूरपर्यंत विचारणा होते, "काय भांडण झालं ओ?" आमच्यात भांडण झालं नव्हतं. मतभेद होता. त्या मतभेदाचं मंडळीने जे केलं, त्याबद्दल मला बोलायचं आहे, कारण गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतल्या अनेक घरांवर ही वेळ आली आणि प्रत्येक घराने ती एकट्याने, गुपचूप सोसली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शिकवणुकीवरून मतभेद झाला एवढ्यासाठी कुणी आपली मंडळी सोडू नये. पण मतभेदासाठी माणसाला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवत असतील, त्याचा सभासदत्वाचा दाखला अडवत असतील, मेल्यावर त्याला मंडळीच्या दफनभूमीत माती द्यायला नाही म्हणत असतील, तर तिथे थांबूही नये. आणि नवी मंडळी शोधताना हीच कसोटी तिलाही लावावी.

आमच्या घरातला मतभेद बाप्तिस्म्याचा होता. पत्नीचा बाप्तिस्मा माझ्यासारखाच तान्हेपणी झालेला. कपाळावर पाणी, आईच्या कडेवर. पुढे पंधराव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी. पण चाळिशीनंतर ती नवा करार पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली आणि वाचता वाचता तिला वाटू लागलं, की विश्वास ठेवल्यावर बाप्तिस्मा, हा क्रम आहे. आपल्या बाबतीत तो उलटा झाला. तिने दोन वर्षं विचार केला. मी तिच्याशी वाद घातला. देवाची कृपा आपल्याला काही कळायच्या आधी येते, म्हणूनच तान्ह्या मुलावर पाणी घालण्याला अर्थ आहे, असं मी मानतो, आजही मानतो. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा घरच्या सगळ्यांसकट झाला, ते मी तिला दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या आईवडिलांनी तुमच्या वतीने उत्तर दिलं, ते तुम्हाला पुरलं. मला माझं उत्तर स्वतः द्यायचंय." याच्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका शेतात, विहिरीशेजारच्या हौदात तिने बुडून बाप्तिस्मा घेतला. मी काठावर टॉवेल धरून उभा होतो. मला पटलेलं नव्हतं, पण ती पाण्यातून वर आली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

कमिटीने ठराव केला: दुसरा बाप्तिस्मा घेऊन या सभासदाने पहिला नाकारला आहे, सबब लेखी माफी देईपर्यंत प्रभुभोजन बंद. तिला बोलावून विचारलं नाही. ठरावाची प्रतही दिली नाही. ताट पुढे गेलं तेव्हाच आम्हाला ठराव कळला.

मी शाळेत इतिहास शिकवतो. दुःख झालं की मी जुनी पानं उलटतो, ही माझी सवय. त्या चार महिन्यांत जे वाचलं त्यातली एक गोष्ट आपल्या मराठी मंडळ्यांत फारशी कुणाला माहीत नाही, पण ती आपल्या घराण्याचीच गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रोटेस्टंट मंडळ्यांचं, नगरच्या आणि सोलापूरच्याही, मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहे. त्या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. आदल्या वर्षी अमेरिकेतून दोन जहाजांतून जी तुकडी निघाली, तिच्यात हे दोघं होते. दुसऱ्या जहाजावर ॲडोनायरम जडसन आणि त्याची पत्नी ॲन होती. सगळे एकाच परंपरेचे, तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे. भारतात आपली गाठ सेरामपूरच्या बाप्तिस्ट, म्हणजे विश्वास कबूल करणाऱ्यालाच बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या, मिशनऱ्यांशी पडणार, त्यांना उत्तर देता यावं म्हणून जडसन प्रवासात या विषयाचा अभ्यास करायला बसला. आणि अभ्यास करता करता त्याचंच मत फिरलं. ॲनने आधी त्याला बजावलं होतं, की तू बाप्तिस्ट झालास तरी मी होणार नाही. पुढे तीही झाली. सप्टेंबर १८१२ मध्ये कलकत्त्यात दोघांनी बुडून बाप्तिस्मा घेतला. हॉल आणि नॉट यांच्याच जहाजातून आलेला ल्यूथर राइस, त्यानेही दोन महिन्यांत तेच केलं. तिघांनी आपल्या संस्थेला कळवलं, की आता तुमच्या पैशावर आम्ही राहू शकत नाही. परक्या देशात, खिशात काही नसताना.

म्हणजे आपली मराठी मंडळी जन्माला यायच्या आधीच, ती जन्माला घालायला निघालेली माणसं बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर दोन वाटांना गेली होती. हॉल आणि नॉट मुंबईला आले, जडसन ब्रह्मदेशात गेला आणि त्याने बायबल बर्मी भाषेत आणलं. आज कुणी या दोहोंपैकी एकाचं काम देवाचं नव्हतं असं म्हणेल का? जो प्रश्न हॉल आणि राइस यांना एका जहाजात महिनोन् महिने एकत्र राहून सुटला नाही, तो आमच्या कमिटीने एका संध्याकाळच्या बैठकीत, चहाच्या आधी सोडवला.

याच प्रश्नाने रक्तही सांडलं आहे. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. पुढे शहराच्या सभेने पुनर्बाप्तिस्म्याला देहदंड ठरवला आणि ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्त्स याला हातपाय बांधून लिमात नदीत बुडवलं. शिक्षा देणारेही सुधारणावादीच होते, पोपशी संबंध तोडून जेमतेम उभे राहिलेले. पुन्हा बाप्तिस्मा हवा म्हणतोस ना, मग घे पाणी, असा त्या शिक्षेचा भाव. माझ्या पत्नीला कुणी नदीत टाकलं नाही. पण शाळेत मी मुलांना सांगतो, मोठे अत्याचार एकदम येत नाहीत. आधी कुणीतरी कुणाच्या तरी पुढ्यातलं ताट उचलतं.

पाणी किती आणि कसं, याबद्दल पहिल्या ख्रिस्ती लोकांचं मन आपल्यापेक्षा मोकळं होतं. डिडाखे नावाची छोटी पुस्तिका आहे, नव्या कराराच्या काळाला अगदी लागून असलेली. तीत लिहिलंय: वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात द्या. थंड नसेल तर कोमट चालेल. दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. उजनी धरण किती टक्के भरलं, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. आपल्या गावातल्या माणसाने लिहावी तशी ती सूचना आहे: जे आहे त्यात भागवा, पण नाव पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं घ्या.

"मग एकत्र राहताच येत नाही का?" असं विचारणाऱ्यांना मी नागपूरची आठवण करून देतो. १९२९ मध्ये लखनऊला उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांनी एक होण्याची बोलणी सुरू केली. ती चालली ४१ वर्षं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात सहा परंपरा आल्या. बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आले, आणि फक्त विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारे बाप्तिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्सही आले. दोन्ही बाप्तिस्मे एका छपराखाली मान्य, पालकांनी आपल्या विवेकाने ठरवावं. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याला मोठेपणी पुन्हा घ्यावासा वाटला तर काय, हा त्या बोलण्यांमधला अतिशय अवघड प्रश्न होता, आणि कागदावर जे ठरलं त्याने सगळ्यांचं समाधान झालं असंही नाही. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी तर शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. पण चार दशकं ती माणसं एकमेकांसमोर बसत राहिली. दरम्यान देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, बोलणी सुरू करणारे कितीतरी जण वारले, तरी बसत राहिली. आमच्या कमिटीने माझ्या पत्नीला चाळीस मिनिटंही दिली नाहीत.

इथवर वाचून नव्या धर्तीच्या फेलोशिपमधले माझे मित्र मान डोलावत असतील. त्यांच्याशीही मला बोलायचं आहे. जुनी मंडळी सोडल्यावर आम्ही वर्षभर ठिकठिकाणी गेलो आणि तेच कुलूप बाहेरच्या बाजूनेही पाहिलं.

एका सभागृहात गेलो. खुर्च्या, ड्रम सेट, भरपूर तरुण मुलं. गाणी ऐकून पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रवचनानंतर तिथल्या पास्टरांनी आमची विचारपूस केली. बाईंचा बाप्तिस्मा झालाय, छान, सरांचं काय? मी म्हटलं, झालाय, ५० वर्षांपूर्वी. ते प्रेमानेच म्हणाले, "तो धरत नाहीत, सर. तुम्ही अजून बाहेरच आहात." पुढे म्हणाले, अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत, बोलण्याचा अनुभव आला नसेल तर आत्म्याचा बाप्तिस्माही राहिलाय. मी विचारलं, माझे वडील असेच गेले, त्यांचं काय? ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यात उत्तर होतं. ज्या माणसाने शेवटच्या आजारात तेविसावं स्तोत्र म्हणत डोळे मिटले, त्याच्याबद्दलचं. पत्नीने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. जिला इकडच्यांनी मेजावरून उठवलं होतं, ती माझ्यासाठी तिकडून उठली.

अन्य भाषांविषयी थोडं बोललं पाहिजे, कारण सोलापुरात हल्ली बाप्तिस्म्याच्या खालोखाल याच विषयावर मंडळ्या फुटतात. जुन्या मंडळ्यांतले लोक ते अमेरिकेचं फॅड म्हणून उडवून लावतात. त्यांनी केडगाव आठवावं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आत्मिक जागृती आली ती १९०५ मध्ये, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या ज्या जागृतीचं नाव सगळे घेतात, तिच्या एक वर्ष आधी. आणि त्या काळात अन्य भाषांचा अनुभवही तिथे नोंदला गेला. ते वारं आपल्याच मातीतून उठलेलं आहे, सोलापूर-पुणे रेल्वेच्या रुळालगत. दुसरीकडे, जे लोक अन्य भाषेला ख्रिस्तीपणाचा शिक्का करून ठेवतात, त्यांनी बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, चौदावा अध्याय पुरता वाचावा. दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, पाळीपाळीने. आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावं. हा नियम सोलापूरकराला समजवायला नको. आपल्याकडे भाजीच्या एका गाड्यावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी चालतं. अशोक चौकाकडच्या एका घरगुती प्रार्थनासभेत मी लहानपणी जायचो. तिथली आजी तेलुगूत प्रार्थना करायची आणि तिची सून शेजारी उभी राहून प्रत्येक ओळीनंतर मराठीत सांगायची, कारण आम्ही पाहुणे होतो. कुणी सांगितलं नव्हतं तिला. पाहुण्याला कळलं पाहिजे, एवढंच तिला ठाऊक होतं.

आणखी दोन-तीन ठिकाणी गेलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळीकडे चांगली माणसं होती.

शेवटी जिथे थांबलो ती मंडळी लहान आहे, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भरते, साठ-सत्तर माणसं. पहिल्या भेटीत मी पाळकांना सगळं सांगितलं. त्यांनी बाप्तिस्म्याचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "सर, तिकडच्या पाळकांना भेटून सांगितलंत का, की तुम्ही निघालात?" मी म्हटलं, नाही, आम्ही फक्त जायचं थांबलो. ते म्हणाले, "मग आधी तिकडे जाऊन या. सांगून निघा. जमलं तर त्यांचा दाखला आणा. नाही दिला तरी तुम्ही आमचेच, पण मागून तर बघा. पौलाचं बर्णबाशी मार्कावरून वाजलं, दोघं दोन दिशांना गेले. पण शेवटच्या पत्रात पौल त्याच मार्काला घेऊन ये म्हणतो. वाट बंद करून नका येऊ." मला त्या क्षणी राग आला. मी जखमी माणूस, मला हे परत तिथेच पाठवतात! पण घरी येईपर्यंत कळलं होतं, की योग्य ठिकाणी आलोय. जी मंडळी दुसऱ्या मंडळीच्या दारातून आलेल्याला तिथे परत जाऊन निरोप घ्यायला सांगते, ती उद्या मलाही सहज टाकणार नाही.

मी गेलो. तीनदा गेलो. पाळकसाहेबांनी चहा दिला, प्रार्थना केली, दाखल्याबद्दल कमिटीकडे बोट दाखवलं. कमिटीतल्या एका काकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "बघ की बाळा, नियम म्हणजे नियम. माफीचं पत्र दे, उद्या दाखला घे." माफी कशाची, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. दाखला आजही मिळालेला नाही.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांना वाटेल, एका कागदाचं एवढं काय? महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार भरले, एक टक्क्यालाही थोडे कमी. एवढ्याशा समाजात मंडळी म्हणजे नुसतं रविवारचं उपासनेचं ठिकाण नसतं. मुलीचं स्थळ मंडळीतून कळतं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायचं तर दोन्हीकडचे पाळक आधी मंडळीचं पत्र मागतात. आजारपणात डबा मंडळीतून येतो, मेल्यावर खांदा मंडळी देते. ज्याच्याकडे दाखला नाही तो कुठल्याच वहीत नाही. म्हणून दाखला अडवणं ही साधी कार्यालयीन दिरंगाई नाही, ती शिक्षा आहे. आणि ठराव न देता, बाजू न ऐकता केलेली शिक्षा आहे.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की मंडळी म्हणजे हॉटेल नव्हे, इथली चटणी आवडली नाही की चालले पुढच्या गल्लीत. हे मला पूर्ण मान्य आहे. मी दर दोन वर्षांनी मंडळी बदलणारी कुटुंबं पाहिली आहेत आणि त्यांची मुलं कुठेच रुजत नाहीत, हेही पाहिलं आहे. प्रवचन कंटाळवाणं, पेटी बेसूर, पाळकांची बायको बोलली नाही, ही मंडळी सोडण्याची कारणं नव्हेत. बाप्तिस्म्याचं मतही नव्हे. पत्नीला मेजावर जागा असती तर आम्ही दोघं दोन मतांचे त्याच बाकावर म्हातारे झालो असतो.

दुसरा आक्षेप जड आहे: मग शिकवणुकीला काही किंमतच नाही का? आहे. इ. स. ३२५ मध्ये निकियात बिशप जमले ते ख्रिस्त कोण, या प्रश्नावर, आणि त्यांनी तिथे रेघ ओढली. ती ओढायलाच हवी होती. उद्या कुणी ख्रिस्त उठलाच नाही असं शिकवू लागला, तर त्याला व्यासपीठ देऊ नये, असं मीही म्हणेन. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर निकियाच्या मतांगीकाराच्या, म्हणजे तिथे ठरलेल्या विश्वासाच्या कबुलीच्या, ३८१ च्या रूपात 'पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा' असंही आलं आहे. माझ्या दृष्टीने पत्नीचा दुसरा बाप्तिस्मा त्या ओळीत बसत नाही. ती म्हणते, पहिला बाप्तिस्मा नव्हताच, म्हणून हाच एक. आमच्या स्वयंपाकघरात हा वाद अजून मिटलेला नाही. मंडळीने मला विचारलं असतं तर मीच उभा राहून सांगितलं असतं, की ती चुकली असं मला वाटतं. पण चुकलेल्याला शिकवणं वेगळं आणि उपाशी उठवणं वेगळं. यहूदाने धरून देण्याच्या रात्री प्रभूने त्याला आधी ताटावरून उठवलं नाही. ज्याने माझ्याबरोबर ताटात हात घातला, असं तो म्हणाला, म्हणजे हात घालू दिला होता. आणि माझी पत्नी यहूदा नाही. तिने फक्त जास्त पाण्यात प्रभूचं नाव घेतलं.

बाहेर गेलेल्यांविषयी आपली स्मृतीही सरळ नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारायला घेतला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा सगळ्याच ख्रिस्तभक्तांसाठी. दोन वर्षांत ते वारले. आज त्यांची गीतं नाहीत अशी मराठी उपासना दाखवा. ज्या कमिटीने माझ्या पत्नीचं प्रभुभोजन बंद केलं, तिची सभाही टिळकांचं गीत गाऊनच सुरू होते.

आता मातीचं. हा भाग लिहिताना मला त्रास होतो, पण मुख्य सार्वजनिक प्रश्न इथेच आहे. मेजावर कुणाला बसवायचं हे ठरवण्याचा अधिकार मंडळीचा आहे, तो वाईट वापरला तरी तिचाच आहे. संविधानाचं २६ वं कलम धार्मिक संप्रदायाला आपल्या धर्माचा कारभार पाहू देतं, आणि २५ वं कलम प्रत्येक माणसाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. या दोन कलमांची ओढाताण आपल्याच राज्यात जुनी आहे. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. १९६२ मध्ये दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तोच प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं; आणि दफनभूमी वापरायला अडवणं हेही त्यात बहिष्काराच्या व्याख्येत येतं. केरळात ऑर्थोडॉक्स आणि याकोबाइट या दोन ख्रिस्ती गटांच्या भांडणात तर प्रेतं दिवसेंदिवस थांबली, म्हणून २०२० मध्ये सरकारला खास कायदा करावा लागला: ज्याचे पूर्वज ज्या दफनभूमीत आहेत, त्याला तिथे माती मिळेल, प्रार्थना त्याच्या कुटुंबाने हव्या त्या पाळकाकडून, हवी तिथे करून घ्यावी.

मी कोर्टात गेलो नाही, जाणार नाही. भावाने भावाला अविश्वासणाऱ्यांपुढे खेचावं याची पौलाला लाज वाटली, मलाही वाटते. पण एका ख्रिस्ती प्रेताला जमीन मिळावी म्हणून विधानसभेला कायदा करावा लागला, याची लाज कुणाला वाटायची? दफनभूमीची जमीन कुणा एका मताची नाही. तिचं कुंपण माझ्या आजोबांच्या पिढीने पगारातून आणे-आणे काढून घातलं. त्यात बालबाप्तिस्म्यावर विश्वास असणारे पुरले आहेत, ज्यांनी त्यावर कधी विचारच केला नाही तेही पुरले आहेत.

म्हणून सोलापुरातल्या जुन्या-नव्या सगळ्या मंडळ्यांकडे माझं मागणं आहे. सभासदाला प्रभुभोजनापासून थांबवण्याआधी त्याला समोर बसवून ऐका आणि ठराव त्याच्या हातात द्या. मागेल त्याला महिन्याभरात दाखला द्या. वाटलं तर त्यावर मतभेदाची नोंद करा, पण द्या. येणाऱ्याला त्याच्या जुन्या मंडळीचा निरोप घ्यायला पाठवा. आणि ज्याचे आईबाप, नवरा किंवा बायको तुमच्या मातीत आहेत, त्याला ती माती नाकारू नका, तो कुठल्याही मजल्यावर उपासना करत असला तरी. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाला आपलं बाप्तिस्म्याचं मत सोडावं लागत नाही.

माझी आई ८१ वर्षांची आहे. आमच्याबरोबर ती नव्या मंडळीत येते. पहिल्या मजल्याचे जिने तिला सोसत नाहीत, म्हणून दोन तरुण पोरं तिला खुर्चीसकट वर नेतात. ईस्टरच्या पहाटे ती जुन्या मंडळीच्या दफनभूमीत वडिलांच्या कबरीला चुना लावायला जाते. अजून कुणी अडवलेलं नाही. गेल्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरल्यावर, तिने स्वतःच्या अक्षरात जुन्या कमिटीला अर्ज लिहिला, की मला माझ्या मालकांच्या शेजारी जागा राखून ठेवावी. मी तो नेऊन दिला आणि पोच घेतली. मार्चमध्ये विचारायला गेलो तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, विषय पुढच्या मासिक सभेला घेतलाय, सहाव्या क्रमांकावर आहे, वेळ उरला तर होईल. आईने रात्री विचारलं, "झालं का रे त्यांचं?" मी तिला सहावा क्रमांक सांगितला. ती म्हणाली, "मग आठवण करून ये पुन्हा," आणि औषधाची गोळी मागितली.